चार हजार दिवस न थांबलेलं यंत्र

चूक त्रिंबकतात्यांची होती. हे आधीच सांगतो, कारण गावात सगळे अजून झुंबरलाच हसतात.

तर एका गावात एक भोळा ऑपरेटर होता. नाव झुंबर. गावच्या दूध संघात पाणी गार करणारं एक मोठं यंत्र होतं, ते तो चालवायचा. यंत्र वाफेवर चालायचं. एका बाजूनं बॉयलरची वाफ आत सोडायची, दुसऱ्या बाजूनं गार पाणी घ्यायचं आणि त्यावर दूध थंड करायचं. आगीतून गारवा. ऐकणाऱ्याला थाप वाटते, पण भानगड साधी आहे. यंत्राच्या पोटात हवा नसते, म्हणून तिथं पाणी गार असतानाच उकळतं आणि गारवा देतं. त्याची जी वाफ होते ती एक खारट दाट पाणी पिऊन घेतं. मग बॉयलरची वाफ त्या खारट पाण्याला तापवते आणि प्यालेलं सगळं परत ओकायला लावते. पथ्यं दोनच. पोटात हवा शिरू द्यायची नाही. आणि खारट पाणी फार घट्ट होऊ द्यायचं नाही, नाहीतर आत खडे धरतात आणि यंत्र मरतं.

एवढंच. सांगायला दोन मिनिटं लागली. तात्यांनी अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही. त्यांना स्वतःला माहीत होतं की नाही, याचीही मला शंका आहे.

तात्या सुपरवायझर. झुंबरच्या आधी एक आयटीआय झालेला ऑपरेटर होता. त्यानं एकदा "असं का?" विचारलं. तात्यांनी त्याला कॅन धुवायला पाठवलं. मग झुंबरला घेतलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, इथं विचार करायचा नाही, सांगितलं तेवढं करायचं. झुंबरला हे काम फार आवडलं. आतापर्यंत सगळ्यांनी त्याला विचार करायलाच सांगितलं होतं.

यंत्राच्या खोलीच्या दारावर तात्यांनी काळी पाटी लावली होती. 'यंत्र न थांबता चाललेले दिवस.' खाली खडूनं आकडा. काही झालं तरी रोज सकाळी आठला हा आकडा एकानं वाढवायचा, ही झुंबरला पहिली आज्ञा. झुंबर आला तेव्हा आकडा होता ३९६१.

या आकड्यावर तात्यांचा जीव होता. नळ्या दरवर्षी साफ करायच्या असतात, त्यासाठी यंत्र बंद ठेवावं लागतं. तात्यांनी ठेवलं नाही. बिघाड झाला की यंत्रानं आपोआप थांबावं म्हणून त्यात एक खटका होता. तात्यांनी तो तारेनं करकचून बांधून टाकला. कारण ज्या दिवशी पाटीवर चार हजार लागतील, त्याच दिवशी तात्या निवृत्त होणार होते, आणि चेअरमन मांडवात त्यांना शाल-श्रीफळ देऊन दोन वर्षांची मुदतवाढ जाहीर करणार होते. मुदतवाढ तात्यांना हवीच होती. घरी त्यांचं कुणी ऐकत नसे. ऐकणारी माणसं फक्त दूध संघात होती, तीही पगारी.

पहिल्या आठवड्यात तात्या म्हणाले, बाहेर येणारं पाणी सात अंशांवर पाहिजे, सात म्हणजे सात. नळ्या अकरा वर्षांच्या किटणानं भरलेल्या. पाणी नऊवर आलं. झुंबरनं थर्मामीटर उपसला, कॅन्टीनमधून बर्फ घातलेलं ताक आणलं आणि त्यात बुडवून धरला. सात झाले. वहीत लिहिलं, सात. पुढचे तीन तास तो ताकाचा पेला धरून बसला होता.

तात्यांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, गारवा कमी पडला तर वाफ वाढवायची असते."

"व्हय तात्या. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

चार दिवसांनी चेअरमन आले. उन्हातून आले होते, कडक इस्त्रीत. ऑफिसात बसले, टोपीनं वारा घेत म्हणाले, फार उकडतंय, जरा गारवा कर बाबा. झुंबर गेला आणि कॅन धुवायच्या जागेवरून वाफेची नळी ओढत घेऊन आला. खिडकीतून आत घातली आणि कॉक उघडला. चेअरमन दिसेनासे झाले. आतून खोकल्याचा आवाज यायला लागला तेव्हा झुंबरनं कॉक आणखी उघडला, कारण गारवा अजून कमी पडत होता. चेअरमन बाहेर आले तेव्हा त्यांची टोपी कानांवर लोंबत होती.

तात्यांनी पुन्हा कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, तापलेल्यावर वाफ सोडतात होय? तापलेल्याला गार पाणी द्यावं."

"व्हय तात्या. ध्यानात ठेवतो."

ठेवलंच. दुसऱ्याच दिवशी पंपाची मोटार तापलेली त्याला दिसली. त्यानं हात लावून पाहिला, चटका बसला. त्याला तिची दया आली आणि त्यानं अख्खी बादली तिच्यावर ओतली. मोटार फाटकन उडाली. जोडीला दुसरा पंप होता म्हणून यंत्र चालू राहिलं. तात्या धावत आले ते आधी पाटी बघायला, मग झुंबरला. या वेळी त्यांनी सांगितलं की पाणी दिसलं की पुसायचं, सगळं कोरडं ठेवायचं, एक थेंब पडता कामा नये.

आता यंत्राच्या मागं एक मनोरा आहे. त्यात यंत्राचं कोमट झालेलं पाणी वरून पडतं, वाऱ्यावर निवतं आणि परत आत जातं. पाणी पडणं हेच त्या मनोऱ्याचं काम. झुंबरनं पाहिलं तर थेंबच थेंब. दिवसभर तो फडकं घेऊन मनोऱ्याखाली उभा राहिला. ओला चिंब. काही केल्या पुसून होईना, तेव्हा त्यानं पाण्याचा कॉक आवळला आणि मनोऱ्याला ताडपत्री गुंडाळून काथ्यानं बांधली.

यंत्र घरघरायला लागलं. तात्यांनी ताडपत्री फाडली, कॉक उघडला आणि धापा टाकत म्हणाले, "अरे शहाण्या, हवाच लागली नाही तर ते काम कसं करणार? उघडं ठेव. हवा खेळू दे."

"व्हय तात्या. ध्यानात ठेवतो."

एकदा तरी तात्यांनी सांगावं ना, की बाबा, ही गोष्ट मनोऱ्याची आहे. यंत्राची नाही. पण मोठी माणसं नियम सांगतात. कुठं लावायचा, ते आपण त्यांच्या शिव्यांवरून ओळखायचं.

असं करत करत चार हजारावा दिवस आला. झुंबरनं सकाळी आठला आकडा लिहिला. तात्यांनी फेटा बांधला, अत्तर लावलं आणि मांडवात जाण्याआधी दोन आज्ञा दिल्या. यंत्राला आज जिवापाड जप. आणि मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही.

झुंबर यंत्रासमोर स्टूल घेऊन बसला. जपायचं म्हणून नीट न्याहाळायला लागला. तेव्हा त्याला पोटातली हवा दाखवणारा काटा दिसला. काटा शून्याला टेकलेला. अकरा वर्षं तो तिथंच होता, आणि तिथंच पाहिजे होता. हवाच नाही तर ते बिचारं काम कसं करणार?

त्यानं बाजूची झडप पूर्ण उघडली.

यंत्रानं शिट्टी मारत हवा ओढली. झुंबरला बरं वाटलं. पाणी सातवरून दहावर गेलं, दहावरून पंधरावर. गारवा कमी पडला, म्हणून त्यानं वाफ वाढवली. तरी कमी, म्हणून सगळीच सोडली. खटक्यानं यंत्र थांबवलं असतं, पण खटका तारेत होता. पोटातलं खारट पाणी आटायला लागलं. आतून खडखड झाली, मग करकर, मग पंप अडकला आणि काहीच आवाज येईना.

तो मांडवात सांगायला गेला. तेव्हाही वाफ तोडली असती तर निम्मं यंत्र वाचलं असतं. पण चेअरमन बोलत होते. मग व्हाइस चेअरमन बोलले. मग एक संचालक बोलले, त्यांनी गाय या विषयावर बराच वेळ घेतला. झुंबर हात जोडून कडेला उभा राहिला. मग तात्या उठले. त्यांना झुंबर दिसला आणि त्यांनी त्याच्याकडं बोट केलं. हा बघा, ते माइकमध्ये म्हणाले, मी सांगतो तेवढंच करतो, आजकाल अशी माणसं मिळत नाहीत. टाळ्या पडल्या. तात्या अजून अर्धा तास बोलले.

मुदतवाढ जाहीर करायला चेअरमन पुन्हा उठले आणि कौतुकानं म्हणाले, "काय झुंबर, यंत्र काय म्हणतंय?"

"काही म्हणत नाही साहेब. मघाशी म्हणत होतं, आता गप झालंय."

तात्यांनी फेटा सावरत विचारलं, "कधी?"

"साहेब पहिल्यांदा बोलायला उठले तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलत होता."

दोन दिवसांनी शहरातून इंजिनिअर आला. त्यानं यंत्राचं पोट उघडलं, तर आत दगड. त्यानं खटक्याची तार हातात धरली आणि ही कुणी बांधली म्हणून विचारलं. संचालक जमिनीकडं बघायला लागले. झुंबर म्हणाला, "तात्यांनी." हे सांगू नको, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चेअरमन तरातरा बाहेर निघाले ते पाटीसमोर थांबले. पाटीवर ४००२. हे काय आहे, त्यांनी विचारलं. झुंबर म्हणाला, काही झालं तरी वाढवायचा आहे. आजही तो रोज सकाळी आठला वाढवतो. आत यंत्र नाही, नुसता ओटा आहे. काल ४३१७ होते.

तात्यांना मुदतवाढ मिळाली नाही.