बरणीतला काळा पाहुणा

एका गावात एक बाई होती. जीभ इतकी तिखट, की तिच्या अंगणात कोंबडासुद्धा हळू आरवायचा. त्या वर्षी तिनं गहू पेरला आणि लेकीच्या सासूला चारचौघांत सांगून टाकलं, "विहीणबाई, पाडव्याला याच. माझ्या नव्या गव्हाची पुरणपोळी खाल, तर दुसरीकडची विसराल!"

गहू ओंबीवर आला आणि ओंब्यांवर मावा पडला. बारीक हिरवे किडे रस शोषत बसले, पानं चिकट झाली. शेजारीण बांधावरून हसली, "वहिनी, एवढा मावा! पोळ्या राहू द्या, विहिणीला पेढेच वळा."

बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात तिला माव्याच्या गर्दीत एक वेगळाच किडा दिसला. काळा, खरबरीत, जणू मगरीचं इवलंसं पिल्लू. "हाच मेला या सगळ्यांचा म्होरक्या!" म्हणत तिनं दिसेल तो काळा चिरडायचा सपाटा लावला. पण लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला, की त्याला मात्र बोटावर घ्यायची. "तू बस रे राजा. कसा कुंकवाच्या टिकलीसारखा दिसतोस!"

नवरा म्हणाला, "उद्या जालीम औषध मारून टाकतो."

"मारा. पण आधी या काळ्याला दुकानात दाखवा. याला लागू पडेल असंच आणा." तिनं एक काळा किडा, माव्यानं भरलेल्या ओंबीसकट, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकला आणि तोंडाला फडकं बांधलं.

सकाळी बघते तर काय, ओंबी स्वच्छ! माव्याचा मागमूस नाही, आणि काळा गडी फुगून टम्म.

"अहो, यानं सगळा मावा खाल्ला!"

"बरणीत खाल्ला असेल. शेत केवढं आहे! गहू गेला तर विहिणीपुढं मान तुझी खाली जाईल, माझी नाही." नवऱ्यानं घरातलंच औषध भरून पंप पाठीला लावलासुद्धा.

बाई तडक शेतात गेली आणि ओंब्यांशी डोळे लावून बसली. एक काळा किडा मावा धरायचा, संपवायचा, दुसरा धरायचा. जेवणावळीतला आडदांड पाहुणाच जणू, फक्त 'वाढा' तेवढं म्हणत नव्हता.

"पंप उतरवा," ती म्हणाली. "जिथं मावा दाट आहे आणि ही काळी फौज नाही, तेवढ्याच कोपऱ्यात निंबोळीचा अर्क मारू. बाकी शेताला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे."

शेजारणीनं मात्र सगळ्या शेतावर जालीम औषध मारलं. मावा मेला, पण त्याला खाणारेही मेले. उरलेल्या थोड्या माव्याला मग मोकळं रान मिळालं.

इकडे बाईच्या शेतात मावा विरळ होत गेला. बरणीतला काळा मात्र काचेला चिकटून निपचित पडला. बाईला वाईट वाटलं. फेकावं फेकावं म्हणता राहून गेलं, आणि एके सकाळी बरणीत लाल ढालकिडा फिरत होता!

"अगं बाई! म्हणजे ती काळी याचीच पोरं?" तिनं कपाळाला हात लावला. "आईबापाला राजा म्हणत होते, आणि लेकरं चिरडत होते!"

तेवढ्यात शेजारीण आली, तोंड पाडून. "वहिनी, माझ्याकडं परत मावा पडला हो."

"आता पेढे कोण वळतंय?" बाई कडाडली. मग म्हणाली, "बघत काय उभ्या राहिलात? बरणी आणा. थोडी काळी पोरं देते."

पाडव्याला विहीणबाई आल्या. पहिला घास घेताच त्यांनी डोळे मिटले. "काय मऊ पोळी! पुरणात मावा घातलात की काय?"

"मावा कुठला आणू? सगळा माझ्या काळ्या पोरांनी खाल्ला!"

विहीणबाईंचा घास हातातच राहिला. "काळी पोरं? लग्न ठरवताना तर तुम्ही एकच मुलगी सांगितली होती!"

हसता हसता बाईच्या हातातलं तूप सांडलं, ते नेमकं विहिणीच्या पोळीवर.

तात्पर्य: कुणाच्या रंगरूपावरून हात उगारू नका. आधी तो काय खातो आणि कुणाचं राखतो, ते खाली बसून नीट बघा.