न वाजलेला नगारा

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. अलीकडे उगवतवाडी, पलीकडे मावळतवाडी. दोन्ही गावांत सोयरिकी होत, बाजार एकच भरे, जत्राही एकच. मग राजा वारला. त्याच्या दोन मुलांनी राज्यासाठी तलवारी उपसल्या आणि नदीची सरहद्द झाली. उगवतवाडी थोरल्याच्या वाट्याला गेली, मावळतवाडी धाकट्याच्या. गावांना कुणी विचारलं नाही. गावांना विचारायची पद्धत राजेलोकांत नसते.

लढाईत माणसं मरत होती, पण त्याहून जास्त मरत होती अफवांनी. कुणीतरी म्हणे, पलीकडच्यांनी विहिरीत विष कालवलं. लगेच इकडची पोरं जाऊन तिकडच्या गंजी पेटवून येत. विहिरीत मांजर मरून पडलं होतं, हे मागाहून कळे. तोवर पलीकडच्यांनी इकडची घरं जाळलेली असत. दोन्ही राजांच्या दवंड्या रोज फिरत आणि दोन्ही दवंड्यांत रोज आपलाच विजय असे. एवढे विजय होऊनही लढाई काही संपत नव्हती.

शेवटी दोन्ही गावची जाणती माणसं नदीतल्या खडकावर जमली. कुठल्याच राजाचा नसलेला असा आपला एक नगारा हवा, असं त्यांनी ठरवलं. भांडं उगवतवाडीच्या तांबटानं घडवलं, कातडं मावळतवाडीहून आलं. नगारा वाजवणाऱ्याच्या पोटाला दोन्हीकडच्या घराघरातून मूठमूठ धान्य द्यायचं ठरलं, म्हणजे त्याला कुणा एकाच्याच मिठाला जागावं लागणार नाही. टेकडी फक्त उगवतवाडीला होती, म्हणून नगारा तिथे चढला.

वाजवायला निवडला हैबती गुरव. हा माणूस तोंडाचा भलताच फटकळ. सख्ख्या भावाच्या लग्नात मुलीच्या मामानं सहज विचारलं, “नवरा मुलगा कसा आहे?” तर यानं भर मांडवात सांगितलं, “घोरतो. आणि उशिरा उठतो.” आता असा माणूस सोयरिकीला नालायक, पण बातमीला त्याच्याइतका लायक दुसरा कोण?

नियम एकच होता. दोन्ही काठांच्या एकेका माणसानं जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच सांगायचं. अलीकडचं हैबती स्वतः बघे. पलीकडची साक्ष सारजा कोळिणीची. ती आणि तिचा नवरा भिकू नदीच्या उतारावर माणसं पार करणारी नाव चालवत. रोज सकाळी सारजा पाण्यापाशी येऊन हैबतीला हाळी देई. कुठे स्वार दिसले असले, कुठे धूर दिसला असला, तर दोघं खात्री करून घेत आणि मग हैबती नगारा ठोकून खणखणीत आवाजात सांगे. नगारा वाजला की लोक दारं लावून घेत. नाही वाजला की बिनघोर शेताला, बाजाराला निघत.

हळूहळू अफवांचे दात पडले. कुणी काही आग लावणारं बोललं की म्हातारी माणसं म्हणत, “नगारा बोलला का? मग तू गप बस.” नदीतल्या खडकाजवळ पुन्हा बाजार भरायला लागला.

राजांना हे कसं रुचणार? थोरल्यानं नगारा वाजवायला रुप्याच्या टिपऱ्या पाठवल्या. हैबतीनं त्या परत केल्या. “माझ्या बाभळीच्या बऱ्या हायेत,” म्हणाला. धाकट्यानं जीभ कापायची धमकी दिली. ती धमकी हैबतीनं दुसऱ्या दिवशी नगाऱ्यावर जशीच्या तशी सांगून टाकली. लोक हसले आणि धाकटा खजील झाला. लोभ झाला, भीती झाली. हैबती दोन्हींना पुरून उरला. आता याला कोण वाकवणार, असं दोन्ही गावांना वाटलं. हैबतीलाही वाटलं, आणि घात तिथेच झाला.

त्या सुगीत धाकट्याच्या स्वारांनी शेतात शिरून हैबतीच्या भावाला मारलं. तोच भाऊ, घोरणारा. हैबतीनं ती बातमीसुद्धा नगाऱ्यावर सांगितली, एकही शिवी न घालता. मग घरी येऊन भावजयीसमोर बसला आणि त्याला तिच्याकडे वर बघवेना.

थोड्या दिवसांनी, बाजाराच्या दिवशी पहाटे, हैबती टेकडीवर चढत होता. खाली उताराजवळच्या करंजाच्या बनात त्याला हालचाल दिसली. थोरल्याचे तिरंदाज दबा धरून बसले होते. वर पोचताच त्यानं टिपऱ्या उचलल्या, तोच मागून खंडेराव पाटील धापा टाकत आले. हे उगवतवाडीचे पाटील, आणि नगाऱ्यासाठी पहिली मूठ टाकणारे.

“हैबती, हात आवर,” पाटील म्हणाले. “धाकट्याचे स्वार आज नदी उतरणार हायेत. तुझ्या भावाला मारणारे त्येच. तू वाजवलंस तर त्ये सुटतील, आन् थोरला राजा आपलं गाव जाळंल.”

“मला खोटं बोलायला लावू नका, पाटील.”

“खोटं कोण बोल म्हणतंय? निस्ता गप बस.”

हैबती उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे भावजयीचं पांढरं कपाळ आलं. आणि त्याच वेळी त्याचा स्वतःचा नियम त्याच्या मदतीला धावला. दोन काठांच्या दोन साक्षी लागतात. हे तिरंदाज तर त्यानं एकट्यानंच पाहिले. सारजानं कुठे पाहिले? साक्ष नाही, तर बातमी नाही. नियम म्हणजे नियम!

एक हाळी दिली असती तर सारजानं पलीकडून करंजाच्या बनाकडे बघितलं असतं. हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं हाळी दिली नाही. इतकी वर्षं ज्या नियमानं त्याला खरं ठेवलं, त्याच नियमाची चादर त्यानं त्या सकाळी डोक्यावरून ओढून घेतली.

सारजा पाण्यापाशी आली. “हैबतीदादा, काय खबर?” तिनं विचारलं.

आजवर असं कधी झालं नव्हतं, पण हैबतीनं उत्तर दिलं नाही. नगाऱ्याचं कातडं पुसत बसला. नगारा वाजत नाही म्हणजे वाट मोकळी आहे, असं सारजा समजली. तिनं बाजारकऱ्यांना नावेत घेतलं. भिकू वल्ह्यावर बसला.

धाकट्याचे स्वार आलेच नाहीत. पाटलांना कुणीतरी चुकीची खबर दिली होती. तोवर नदीवर दाट धुकं उतरलं होतं. धुक्यातून माणसांनी भरलेली नाव येताना दिसली आणि ते स्वारच समजून बनातून बाण सुटले. भाजीच्या पाट्या नदीत वाहत गेल्या. भिकू वल्ह्यावरच पडला. सारजानं एकटीनं नाव अलीकडच्या काठाला लावली, पण उतरायला फार थोडी माणसं उरली होती.

हैबती टेकडीवरून धावत खाली आला, पाण्यात शिरला, नावेला धरून रडायला लागला. “सारजे, मी खोटं न्हाई बोललो गं,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

सारजानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“व्हय, खोटं न्हाई बोललास,” ती म्हणाली. “तू काईच बोलला न्हाईस, म्हणून तर आमी निघालो.”

दुसऱ्या दिवशी हैबतीनं नगारा ठोकून सगळं सांगितलं. तिरंदाज, पाटील, आपलं गप्प बसणं, काही म्हणता काही लपवलं नाही. उगवतवाडीनं त्याला घरभेदी म्हटलं.  मावळतवाडीहून येणारी धान्याची मूठ बंद झाली. सारजा पुन्हा काठावर आली नाही. एका काठाची साक्ष गेली आणि नगारा नुसता आवाज उरला. मग प्रत्येक गावानं आपला आपला नगारा मांडला, आणि दोन्ही नगाऱ्यांवर रोज आपलाच विजय वाजायला लागला.

पुढे दोन्ही राजे लढून थकले आणि त्यांनी तह केला. हैबतीनं तहाची स्वारी डोळ्यांनी पाहिली. टेकडीवर जाऊन त्यानं हाताची सालटी निघेपर्यंत नगारा ठोकला. “लढाई संपली! तह झाला! नदी उतरून या!” घसा बसेस्तोवर ओरडला.

मावळतवाडीला धाकट्याची दवंडी अजून पोचली नव्हती. तिथली पोरं एकमेकांना म्हणाली, “ह्यो तोच नगारा. आपल्याला पुन्हा नावेत घालायला बघतोय.” ती बांधाआड भाले घेऊन बसून राहिली. तह सांगायला थोरल्याचे बिनहत्यारी निरोपे नदी उतरले, ते त्या भाल्यांवर गेले. लढाई पुन्हा पेटली. संपलेली लढाई, नुसती ऐकली न गेल्यामुळे, आणखी कित्येक घरं खाऊन गेली.

हैबती म्हातारा झाला तरी रोज सकाळी टेकडी चढायचा. जे दिसेल ते खरं खरं सांगायचा. खाली कुणी ऐकायला थांबत नसे. सांगून झालं की तो पलीकडच्या काठाकडे कान लावून बसायचा. तिथे सारजाची नाव खुंट्याला बांधलेली असे. हाळी काही येत नसे.

तात्पर्य: ज्याच्या शब्दाच्या भरवशावर लोक घराबाहेर पाऊल टाकतात, त्याचं गप्प बसणंही बोलणंच असतं. आपल्या माणसांसाठी एकदा दाबलेलं खरं पुढे किती ओरडून सांगितलं, तरी गेलेला भरवसा परत येत नाही.