मोड आलेला राजमा

एका जंगलात, जुन्या जांभळाच्या ढोलीत, एक खार राहत असे आणि तिला काही केल्या झोप येत नसे. काळजी एकच होती : आपलं पिल्लू फार बारीक आहे. जांभळावरून उंबरावर उडी मारताना एखाद्या दिवशी वाऱ्यानंच त्याला उचलून नेलं तर? तशी खार शिकलेली होती. पोपटगुरुजींच्या शाळेत तिचा नेहमी पहिला नंबर. पण पिल्लू झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की शाळेत सगळं शिकवलं, फक्त पिल्लू अंग धरत नसेल तर काय करायचं, एवढंच राहून गेलं. पिल्लू कुशीत पाय ताणून घोरत असे आणि ही त्याच्या बरगड्या चाचपत बसे. कधी वाटे, हाडं लागताहेत. कधी वाटे, हाडं तर सगळ्यांनाच असतात.

समोरच्या उंबरावर एक वानरीण राहत असे. तिचं बाळ गोल गरगरीत. ते खालच्या फांदीवर बसलं, की फांदी वाकत असे, आणि तिथूनच ते दिवसभर पिल्लाच्या उड्या बघत असे. एके दिवशी वानरीण म्हणालीच, "अगं, पोर आहे की पाप्याचं पितर? घालतेस तरी काय त्याला?"

"घालते हो, काकू. शेंगदाणे, जांभळं, मुगाचे मोड..."

"त्याच्या जोडीला राजमा घाल! आमच्या बाळाला किती आवडतो!" असं म्हणून वानरिणीनं ओंजळभर लालचुटुक दाणे तिच्या पुढ्यात ओतले. "कसा करतात ठाऊक आहे ना?"

मुलांनो, खारीनं इथं "नाही" म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण पहिल्या नंबरला "नाही" म्हणायची सवय नसते. "हो हो, ठाऊक आहे की!" असं म्हणून शेपटी झुलवत ती निघालीसुद्धा.

राजम्यात काय असतं ते तिला खरोखरच ठाऊक होतं. अंग भरायला प्रथिनं, रक्ताला लोह, पोट साफ राहायला तंतू. शिवाय खाल्ल्यावर बराच वेळ भूक लागत नाही. गुरुजींनी हे पाठ करून घेतलं होतं आणि तिनं ते घडाघडा म्हणून दाखवलं होतं. राहता राहिलं करायचं कसं! त्यात काय मोठंसं? मूग-मटकीचं करतो तसंच. तिनं दाणे भिजवले, उपसले, केळीच्या पानात बांधून उबेला ठेवले. दोन दिवसांनी पान सोडून बघते, तर इवलेसे पांढरे मोड! खारीचा ऊर भरून आला. शिजवलं तर सत्त्व जायचं, म्हणून तिनं ते तसेच पिल्लापुढे ठेवले.

पिल्लानं एक दाणा हुंगला. "आई, ह्याला असा वास का येतो?"

"पौष्टिक आहे म्हणून."

"मग मुंग्या का नेत नाहीत? कालपासून दारात एक पडलाय. शेंगदाणा पडला की लगेच नेतात."

"मुंग्या शाळेत गेल्यात का कधी?"

"मग काकूंकडच्या राजम्याचा वास वेगळा का असतो? आणि तो मऊ का असतो? आणि..."

"किती रे प्रश्न! जीभ आहे की झोपाळा? खा बघू आधी."

पिल्लानं मुकाट्यानं पाच-सहा दाणे कुरतडले. दुपार कलायच्या आत ते पोट धरून लोळू लागलं. एकदा उलटी झाली, दुसरी झाली, तिसरीनंतर तर त्याला मान उचलवेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्यानं प्रश्न विचारणं थांबवलं. ढोलीत एवढी शांतता खारीनं कधी ऐकली नव्हती. तिनं पिल्लाला पाठीवर घेतलं आणि उंबरावर झेप टाकली.

"काकू, मला ठाऊक नव्हतं," ती धापा टाकत म्हणाली. "राजमा कसा करतात ते मला ठाऊकच नव्हतं."

"म्हणजे? कच्चा दिलास?"

"मोड आणून."

"अगं माझे बाई! कच्च्या राजम्यात विष असतं, मोडाचा असला तरी कच्चा तो कच्चाच. आणि मी विचारलं तेव्हा 'हो हो' म्हणत शेपटी काय झुलवलीस!" वानरिणीची जीभ चालत होती, पण हात त्याहून भरभर चालत होते. तिनं पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर घालून ते पिल्लाला घोट घोट पाजलं, आणि लगोलग दोघींनी मिळून त्याला हरणवैद्यांकडे नेलं. वैद्यांनी पिल्लाला ठेवून घेतलं. संध्याकाळी पिल्लानं एक डोळा उघडला आणि क्षीण आवाजात विचारलं, "आई, वैद्यांना शिंगं का असतात?" ते ऐकून खारीला रडूच कोसळलं.

पिल्लू पुरतं बरं झालं, तेव्हा खार पुन्हा वानरिणीकडे गेली. ह्या खेपेला शेपटी न झुलवता. "काकू, अगदी पहिल्यापासून सांगा."

"रात्रभर भिजव. ते पाणी फेकून दे. नवीन पाण्यात खळखळ उकळी आण. नुसत्या कोमट निखाऱ्यावर ठेवून भागायचं नाही बरं. मग बोटानं चिरडेपर्यंत शिजव. वरून आवळा ठेचून घाल, म्हणजे लोह अंगी लागतं. सोबत भात. आणि आधी थोडाच दे, पोटाला सवय होऊ दे."

चुलीवर मडकं खदखदू लागलं, तसं पिल्लू काठावरून डोकावलं. "आई, एवढासा दाणा, मग त्यात विष कशाला?"

खारीच्या ओठांवर "गप्प बस" आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "मला नाही ठाऊक. विचारू या."

वानरीण हसली. "अरे, त्या दाण्याला वेल व्हायचं असतं. सगळ्यांनी कच्चाच फस्त केला तर वेल कसा होणार? म्हणून तो स्वतःचा बंदोबस्त करून ठेवतो. उकळी आली की तो बंदोबस्त मोडतो. मग राहतं ते सगळं आपल्या कामाचं."

पिल्लानं राजमाभात खाल्ला, बोटं चाटली आणि आणखी मागितला. दारात सांडलेला शिजलेला दाणा मुंग्या एव्हाना ओढून नेत होत्या.

तात्पर्य : अन्नात काय आहे हे ठाऊक असून भागत नाही, ते शिजवायचं कसं हेही ठाऊक हवं, आणि ठाऊक नसेल तर घास भरवण्याआधी विचारावं.

हे तात्पर्य खारीनं पिल्लालाही समजावून सांगितलं, जरा लांबवूनच. पिल्लानं ते शहाण्यासारखं ऐकून घेतलं आणि म्हणालं, "आई, काकूंचं बाळ मला विचारत होतं, तुझ्यासारखं बारीक व्हायला काय खायचं? मी म्हटलं, मला ठाऊक नाही, आईला विचारून सांगेन. काय सांगू?"