सड्यावरची हाळी

“कुंपण कुठून तुटलंय, महाराज?”

“कुठनंच न्हाई.”

ऋजुताचा विश्वास बसेना. सड्यावरच्या भैरोबाच्या मठीत राहणारे चिंतानाथ खोटं बोलणारे नव्हते. पण समोर दिसत होतं तेही खोटं नव्हतं.

भाद्रपदात सड्याचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या या सपाटीचा, कातळ निळा होतो. परदेशात शिकताना सगळी वर्षं तिनं हे चित्र उराशी जपलं होतं. चिमूटभर मातीत उगवलेली ‘सीतेची आसवं’ ही इवली निळी फुलं, मधूनच गेंदाची पांढरी. फुलं गुरांच्या पायाखाली जाऊ नयेत म्हणून, जायच्या आधी तिनंच गावाला पटवून हे कुंपण घालून घेतलं होतं. शहरातली नोकरी परवापासून सुरू होणार होती. त्याआधी एकदा ती फुलं डोळे भरून पाहावीत, म्हणून ती चढ चढून आली होती.

आणि कुंपणाच्या आत होतं कमरेएवढं गवत. या कड्यापासून त्या कड्यापर्यंत नुसतं गवत.

ती तारेच्या कडेनं दूरवर जाऊन आली. तार शाबूत. खांब शाबूत.

“मग आत शिरलं कोण?”

“कुनीच न्हाई,” चिंतानाथ म्हणाले. “तेच तर.”

...

ऋजुता तारेपाशी वाकली. गवत बाजूला सारून तिनं बुडाशी पाहिलं. ओलसर अंधार, कुजकी पाती. निळा ठिपका एकही नाही.

“म्हशी चरायच्या, म्हणून गवत आखूड राहायचं,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “म्हणून बारक्या रोपांना ऊन मिळायचं. महाराज, हे मला ठाऊक होतं! तिकडच्या कुरणांवर, तिकडच्या मेंढ्यांवर मी अख्खा प्रबंध लिहिलाय!”

“आन् बमूच्या म्हशींवर?”

बमू येडगे इथला गवळी. त्याच्याच म्हशी तिनं सड्यावरून हटवल्या होत्या.

“तुम्ही तरी मला अडवायचं!”

“मी?” म्हातारा हसला. “पैला खांब मीच धरला हुता, पोरी. मलाबी वाटलं, फुलं वाचली.”

मठीत पक्कड होती. ती घेऊन ऋजुता तार तोडत सुटली. तळहात सोलवटले तरी थांबली नाही. ऊन कललं तेव्हा कुंपणाची एक बाजू मोकळी झाली होती.

“झालं,” ती धापा टाकत म्हणाली. “आता येतील म्हशी.”

“व्हय?”

चिंतानाथ उठले. कड्याच्या टोकाला गेले. तोंडापाशी दोन्ही हात धरून त्यांनी बमू म्हशींना द्यायचा तशी हाळी दिली...

“ह्योऽऽ! ये चंद्रेऽऽ, येऽऽ!”

हाळी दरीत उतरली. पलीकडच्या डोंगरावर आपटून परत आली. दोघं वाटेकडे बघत उभी राहिली.

कुणी आलं नाही.

“म्हशी इकल्या बमूनं,” चिंतानाथ म्हणाले. “सडा न्हाई, तर न्यायच्या कुठं? लेकाकडं गेला, भिवंडीला. बाकीचेबी एकेक करून उतरले.”

येताना वाटेत गवळीवाड्याची दारं बंद दिसली होती. माणसं कामावर गेली असतील असं तिनं गृहीत धरलं होतं.

“तार तोडायला एक दुपार लागली,” ती हळूच म्हणाली.

“लावायलाबी फार न्हाई लागली.”

...

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतानाथ मठीसमोर झाडत होते. ऋजुता त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

“नोकरीवर येत नाही म्हणून कळवलं.”

“आन् आता काय करनार?”

“बमूमामांना फोनवर विचारून त्यांच्या गोठ्यात दोन म्हशी बांधते.”

“दोन म्हशी! एवढा सडा खातील?”

“नाही.”

“मग?”

“त्यांना पाहून कुणी तरी तिसरी आणेल... कदाचित.”

“आन् न्हाई आनली तर?”

“तर दोनच चारीन.”

चिंतानाथांनी केरसुणी भिंतीला टेकवली.

“मला म्हशी राखायला शिकवा, महाराज.”

“म्हशीच्या मागनं चालायचं,” ते म्हणाले. “पुढं व्हायचं न्हाई.”