सायलेन्स नावाडिणीचा दोर

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा अमेरिकेत स्वतःला अमेरिकन म्हणवून घेणारं अजून कोणी नव्हतं. समुद्र ओलांडून आलेल्या काही इंग्रज कुटुंबांनी एका रुंद नदीच्या काठी वस्ती केली. त्या नदीला आधीपासून एक नाव होतं, आणि ते ठेवणारे लोकही तिथेच राहत होते. पण आलेल्या मंडळींनी या किरकोळ बाबीकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी वस्तीला नाव दिलं न्यू ओल्डबरी. नव्या गावाला जुन्या गावाचं नाव दिलं की घरच्यासारखं वाटतं, असं म्हणतात.

आपल्याला हवा तसा देव भजता यावा म्हणून ही माणसं एवढा समुद्र पार करून आली होती. पोहोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की देव एक असला तरी काठ दोन आहेत. निम्मी घरं उगवतीच्या काठावर, निम्मी मावळतीच्या. प्रार्थनाघर मात्र एकच, आणि ते उगवतीच्या काठावर. मावळतीकडचे म्हणत, आम्ही दर आठवड्याला पाय ओले करून देवाकडे का यावं? उगवतीकडचे म्हणत, ओल्या पायांनी भक्ती मुरते.

या दोन काठांच्या मध्ये एक लहानसं बेट होतं. त्यावर एक जुना ओक वृक्ष आणि त्याच्या सावलीत एक झोपडी. तिथे सायलेन्स थर्लो राहायची. सायलेन्स म्हणजे मौन. आईबापांनी मोठ्या आशेने ते नाव ठेवलं होतं, आणि ती आशा ती बोलायला लागली त्या दिवशी संपली. नवरा वारल्यावर त्याची होडी तिने चालवायला घेतली. ती दोन्ही काठांची माणसं, कोंबड्या आणि चुगल्या इकडून तिकडे पोहोचवायची. चुगल्यांचं वेगळं भाडं घेत नसे.

तिचे दंड ओकाच्या फांद्यांसारखे होते. ती वल्हं मारायला लागली की नदीच आपली वाट बदलून घ्यायची, असं म्हणतात.

त्या वस्तीत शब्बाथ, म्हणजे देवाने सांगितलेला विसाव्याचा दिवस, कडक पाळत. शनिवारी सूर्य मावळला की रविवारी सूर्य मावळेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. चूल नाही, कुऱ्हाड नाही, वल्हं तर नाहीच. रविवारच्या प्रार्थनेला यायचं तर मावळतीकडच्यांनी शनिवारीच नदी ओलांडून कोणाच्या तरी गोठ्यात मुक्काम करायचा. एका रविवारी मावळतीकडच्या डीकन ओबडाया फिंचची सून पेशन्स अडली. डीकन म्हणजे प्रार्थनाघराचा कारभारी. सुईण राहायची उगवतीच्या काठावर. सायलेन्सने होडी काढली आणि तिला घेऊन आली. मूल जगलं, आई जगली. सोमवारी सायलेन्सचे पाय लाकडी खोड्यात अडकवून तिला चौकात बसवलं. निकाल दिला खुद्द डीकनने. नियम म्हणजे नियम. डीकनच्या घरून तिला गरम पाव आला, तोही नियम पाळून, शिक्षा संपल्यावर.

वर ताकीद मिळाली. पुन्हा शब्बाथच्या दिवशी कामाला हात लावशील तर होडी जप्त, झोपडी जप्त आणि तू वस्तीबाहेर. वस्तीबाहेर म्हणजे रान, आणि हिवाळ्यात रान म्हणजे काय हे सांगायला कोणी परत आलेलं नव्हतं. सायलेन्सने मान हलवली आणि त्या दिवशी खरंच मौन पाळलं, असं म्हणतात. त्यावर मात्र कोणाचा फारसा विश्वास नाही.

मग तो हिवाळा आला. नदी अशी गोठली की तिच्यावरून गाड्या जाऊ लागल्या. मावळतीकडच्यांना वाटलं, देवाने रस्ता बांधून दिला. एका शनिवारी पहाटेच त्यांनी प्रार्थनाघराखाली ओंडके सारले, बैल जुंपले आणि अख्खं घर, घंटा नव्हती म्हणून टांगलेल्या नगाऱ्यासकट, बर्फावर ओढून आणलं. उगवतीकडचे जागे होऊन बघतात तर प्रार्थनाघर चाललं! त्यांचा म्होरक्या कॅप्टन एल्नाथन ग्रोव्ह. तो अर्ध्या दाढीने धावत आला, कारण उरलेली अर्धी करायला वेळ नव्हता. त्यांनी मागच्या बाजूला आपले बैल जुंपले. मग काय विचारता! इकडून बैल, तिकडून बैल, इकडून स्तोत्र, तिकडून स्तोत्र. तुळया करकरू लागल्या. पलीकडच्या टेकडीवर नदीचे मूळ रहिवासी पोराबाळांना घेऊन बघायला बसले होते. ऋतू बदलला की घर हलवणं त्यांना नवीन नव्हतं. पण एकच घर एकाच वेळी दोन दिशांना हलवताना त्यांनी कोणाला पाहिलं नव्हतं.

बरोबर नदीच्या मध्यावर घर आलं आणि सूर्य मावळला.

शब्बाथ सुरू झाला. दोन्हीकडच्यांनी ओढणं थांबवलं, बैल सोडले, टोप्या काढल्या. आता उद्या सूर्य मावळेपर्यंत घराला बोट लावायचं नाही. प्रार्थनाघर नदीत उभं राहिलं.

रविवारी सकाळी दक्षिणेचा उबदार वारा सुटला. सारं गाव प्रार्थनेला आलं. जो काठ येणार नाही त्याचा हक्क गेला, असं दोघांनी आदल्या संध्याकाळीच एकमेकांना बजावलं होतं. मधल्या वाटेच्या एका बाजूला उगवतीकडचे, दुसऱ्या बाजूला मावळतीकडचे. सायलेन्स ना इकडची ना तिकडची, म्हणून ती मागे दाराशी. पाद्रीबाबांनी प्रलयावर प्रवचन सुरू केलं. विषय त्यांनी महिन्याभरापूर्वीच ठरवला होता.

खाली बर्फ तडकला.

सगळ्यांनी ऐकलं. गावातल्या एका बहिऱ्या म्हातारीनेही ऐकलं. पण जो काठ आधी उठेल त्याने घर सोडलं असं होईल, म्हणून कोणी उठेना. डीकन कॅप्टनकडे बघत होता, कॅप्टन डीकनकडे. बर्फ पुन्हा तडकला, या वेळी लांबलचक, जणू नदी कापड फाडत होती. पेशन्स फिंचने मांडीवरच्या बाळाला छातीशी धरलं. हे तेच बाळ, ज्याच्यासाठी सायलेन्सने रविवारी वल्हं मारलं होतं.

सायलेन्सने त्या बाळाकडे पाहिलं. मग तिने आपली झोपडी, आपली होडी, ओकाची सावली, सगळं एकदा मनातल्या मनात डोळे भरून बघून घेतलं. आणि ती उठली.

"गुडी, बसून घ्या," डीकन म्हणाला. तिकडे बायकांना गुडी म्हणत, आपण बाई म्हणतो तसं.

"मी कुठल्याच काठाची नाही, डीकन. मी उठल्याने कोणाचं काही जात नाही," ती म्हणाली. "माझं जाईल ते माझं."

ती बर्फावरून धावत सुटली. तिच्या एकेका पावलामागे नदी उघडत होती, आणि पुढच्या पावलापुरता बर्फ तेवढा थांबत होता, असं म्हणतात. बेटावर पोहोचून तिने होडीचा जाड दोर काढला, एक टोक ओकाला बांधलं, दुसरं खांद्यावर टाकून माघारी आली. दारातून आत शिरली आणि तिने दोर मधल्या वाटेवर पार व्यासपीठापर्यंत पसरला.

तेवढ्यात बर्फ फुटला!

घर हललं, कललं, आणि तरंगू लागलं. नगारा आपोआप वाजायला लागला. बाकांखाली पाणी आलं. भिंतीएवढ्या बर्फाच्या लाद्या दोन्ही अंगांनी ढुशा देत होत्या, आणि प्रार्थनाघर समुद्राकडे, म्हणजे ज्या वाटेने ही मंडळी आली होती त्याच वाटेने, परत निघालं होतं.

सायलेन्सने दोर धरला, उंबऱ्याला पाय रोवले आणि ओढला. घर बेटाकडे वीतभरही सरकेना.

"एकटीच्याने होणार नाही. हात लावा," ती म्हणाली.

"आज शब्बाथ आहे," डीकन म्हणाला. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आलं होतं.

"मावळतीकडच्यांनी आधी लावावा," कॅप्टन म्हणाला. त्याच्याही घोट्यापर्यंत आलं होतं.

तेव्हा पेशन्स उठली. तिने बाळ सासऱ्याच्या मांडीवर ठेवलं. "मामंजी, हा रविवारचाच आहे," ती म्हणाली, आणि तिने दोर धरला. समोरच्या बाकावरून कॅप्टनची बायको उठली; नवऱ्याला काही विचारलंही नाही. मग या बाजूचा एक, त्या बाजूचा एक, करता करता दोन्ही काठ एका दोराला लागले. कॅप्टनने धरला. डीकनने एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने दोर धरला. शेवटी पाद्रीबाबा प्रवचन न थांबवता व्यासपीठावरून उतरले आणि शेपटाला लागले.

ओढा! आणि घर वळलं! लाद्या बाजूला झाल्या, प्रवाह थबकला, आणि ते अख्खं प्रार्थनाघर, माणसं, बाकं, नगारा, पापं सगळ्यासकट, बेटाकडे चालू लागलं. खालून माशांनी पाठ लावली, असं म्हणतात. माशांनी याबाबत काही सांगितलेलं नाही. ओकाच्या मुळांवर घर असं अलगद टेकलं की पाद्रीबाबांच्या पुस्तकाचं पानही उलटलं नाही.

सगळे सुखरूप बाहेर आले आणि पाहतात तो काय, चहूकडे पाणी! पोरं भुकेने रडायला लागली. होडी एकच, आणि तिची मालकीण ओकाखाली हाताची घडी घालून बसलेली.

"गुडी, होडी काढा," डीकन म्हणाला.

"आज शब्बाथ आहे," सायलेन्स म्हणाली.

डीकन खाली वाकून ओले मोजे पिळू लागला.

"आज काढली तर उद्या मला वस्तीबाहेर काढाल," ती म्हणाली. "तेव्हा आज मला कोण सांगतंय, ते मोठ्याने सांगा. दोघांनी सांगा."

डीकनने कॅप्टनकडे पाहिलं. दोघांनी आपापले तळहात पाहिले. दोराने दोघांचेही सोलून निघाले होते. आणि मग दोघं एकदम म्हणाले, "आम्ही सांगतो." इतक्या वर्षांत ते एकत्र म्हणालेले हे पहिलेच शब्द होते.

सायलेन्सने दिवसभर वल्हं मारलं. लाद्या तिला वाट देत होत्या.

सोमवारी पंचायत बसली. शब्बाथ कोणी मोडला, असं विचारल्यावर साऱ्या गावाने तळहात पुढे केले, पाद्रीबाबांनीही. खोडा एकच होता. तेव्हा पाद्रीबाबांनी निवाडा दिला की दोर ओढणं हा प्रवचनाचाच भाग होता. प्रार्थनाघर बेटावरून हलवायची भाषा पुन्हा कोणी केली नाही, आणि तिथे जायचं तर होडी हवी, म्हणून रविवारी होडी चालवणं हे धर्मकार्य ठरलं. जिला रविवारच्या वल्ह्यासाठी हाकलायचं होतं, तिने मरेपर्यंत दर रविवारी दोन्ही काठ देवापर्यंत पोहोचवले. आधी कोणता काठ, हे ती ऐन वेळी ठरवायची, आणि कोणालाही कारण सांगायची नाही.

आजही तिथे बर्फ फुटल्यावरच्या पहिल्या रविवारी एक दोर ओकाला बांधतात आणि प्रार्थनाघराच्या दारातून आत आणतात. दोन्ही काठांची माणसं एकाच बाजूने तो ओढतात. ओक हलत नाही, घरही हलत नाही. तरी तळहात लाल होईपर्यंत कोणी सोडत नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्या गावात माणसं भेटली की हात मिळवत नाहीत. काही न बोलता एकमेकांना तळहात दाखवतात आणि कामाला लागतात.