टिटवीचे दुसरे भाकीत

घाटातल्या एका वळणावर दाट जंगल होते, आणि त्या जंगलात वानरांची एक टोळी राहत असे. वळणावर गाड्या थांबत, माणसे वेफर्स, बिस्किटे, पेढे टाकत आणि वानरे मिटक्या मारीत ते खात. पाला खायला सांगा, की यांची तोंडे वाकडी! खालच्या माळावर एक टिटवी राही. तिने अंडी उंचावर घातली की यंदा पाऊस जोराचा, हे सगळे जंगल डोळे झाकून मानी.

एके दिवशी ती टोळीच्या म्होरक्याला, हुप्प्याला म्हणाली, "हुप्पेराव, ओढ्यावरून पलीकडच्या ऐनाच्या झाडावर तुम्ही उड्या मारता, त्या मी रोज खालून बघते. तीन वर्षांपूर्वी टोळी शेंड्याला पोचायची. गेल्या वर्षी मधल्या फांदीला. यंदा तिच्याही खाली. आणखी दोन उन्हाळे असेच गेले, तर धरायला फांदीच उरणार नाही. आणि खाली बिबट्या फिरतो."

हुप्प्या पोट धरून हसला. जो पडून राहतो तोच आजारी, अशी वानरांची समजूत. "बाई, आम्हाला ना ताप, ना खोकला. तू आपलं पावसाचं बघ."

"आजार अंगात शिरताना शिंकत नाही," टिटवी म्हणाली. "खोटं वाटत असेल तर तुमच्या लेकाची उडी बघा."

हुप्प्याने बघितली. गुटगुटीत लेक म्हाताऱ्या आजीपेक्षाही खालच्या फांदीला लोंबकळत धापा टाकत होता. बापाच्या काळजात चर्र झाले. दुसऱ्या दिवसापासून त्याने कुणालाही रस्त्याकडे फिरकू दिले नाही. कोवळा पाला, उंबरे आणि रोज ओढ्यावरून उड्या! पोरे रडली, आजी तर पेढ्यासाठी दोन दिवस रुसून बसली. हुप्प्या बधला नाही.

दोन उन्हाळ्यांनंतर भर दुपारी बिबट्या आला. टोळीने भराभर उड्या टाकल्या. लेक सर्वांत मागे राहिला होता. बिबट्याचा पंजा शेपटीला लागता लागता राहिला आणि पोरगा थेट ऐनाच्या शेंड्यावर जाऊन बसला. तिथल्या बारीक फांद्यांवर बिबट्याचे काही चालेना. तो उपाशीच परतला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, तशी आजी कुरकुरली, "एक तरी पडला का? दोन वर्षं उगाच पेढे सोडले. टिटवीचं भाकीत साफ फसलं."

टिटवी खालून म्हणाली, "फसावं म्हणूनच तर सांगितलं होतं, आजीबाई."

तात्पर्य : मुलांनो, भाकीत ऐकून पाऊस टळत नाही, पण वेळीच ऐकले, तर आजार टाळता येतो.