सटवोजीचा नकार

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंच्या दाराशी इतक्या वेगाने धावत आला, की उंबरठ्याला ठेचकाळून पडता पडता वाचला. त्याचं नाव सुमेध. हातात दगडी खल, खलात हिरवट लेप, आणि आनंद तर चेहऱ्यावर मावत नव्हता.

"आचार्य, साधलं! सांध्यांची सूज उतरते! परवा लंगडणारा ससा आज उड्या मारतोय. मी स्वतःच्या गुडघ्यालाही लावून पाहिलं!"

त्याचे गुरू विद्यापीठातले सर्वांत ज्येष्ठ वैद्याचार्य होते. त्यांनी लेप हुंगला, चिमटीत घेऊन चोळून पाहिला, आणि तेही हरखून गेले. "अरे, फार मोठं काम केलंस!"

"मग आता सटवोजीकाकांच्या हातांना लावू या. मी त्यांना विचारूनच आलो आहे."

सटवोजी हा नदीपलीकडच्या पेठेतला विणकर. बोटांचे सांधे सुजून कडक झालेले. मागावर धोटा फेकताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. सारं घर त्या दोन हातांवर चालत होतं. नव्या लेपाचं नाव निघताच त्याने वाकून नमस्कार केला होता आणि म्हणाला होता, "धाकटे वैद्य, तुम्ही म्हणाल तसं." सुमेधला आणखी काय हवं होतं!

पण त्या विद्यापीठाचा एक दंडक होता. नवं औषध माणसावर वापरायचं, तर ते आधी परीक्षकसभेपुढे ठेवायचं. रुग्णाशी सभेनेच बोलायचं, आणि औषध करणाऱ्याने तेवढा वेळ बाहेर थांबायचं. आजही विद्यापीठांतून असे नियम असतात, आणि आजही प्राध्यापक मंडळी त्यांच्या नावाने नाकं मुरडतात. सुमेधनेही मुरडलं.

"तो दंडक नवशिक्यांसाठी, आचार्य. आपण सोबत असताना सभा कशाला? शिवाय नियम आपणच घातलेला. आपण हो म्हणालात, तर याच पावली निघू."

आचार्य हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी खलावर फडकं बांधलं, तो उचलला आणि थेट न्यायशास्त्राच्या आचार्यांच्या दारात नेऊन ठेवला. या दोघांचा छत्तीसचा आकडा साऱ्या विद्यापीठाला ठाऊक होता.

"हा लेप माझ्या शिष्याचा, म्हणजे माझाच," वैद्याचार्य म्हणाले. "सभेचे प्रमुख तुम्ही व्हा. आणि माझी गय करू नका."

"ती मी कधी केली आहे?" असं म्हणत न्यायाचार्यांनी मोठ्या उत्साहाने खल ताब्यात घेतला. सुमेधने कपाळावर हात मारून घेतला. पिकलेलं फळ आपल्या हाताने वैऱ्याच्या ओटीत टाकायचं, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी सभा भरली. सटवोजी आत गेला, दार लागलं. बाहेर झाडाच्या पारावर गुरू स्वस्थ बसले होते आणि शिष्य सारखा येरझारा घालत होता. अखेर न्यायाचार्य बाहेर आले.

"लेपात मला अजून तरी खोट सापडलेली नाही," ते जरा नाखुशीनेच म्हणाले. "पण सटवोजी नको म्हणतो."

"शक्यच नाही!" सुमेध उसळून म्हणाला. "माझ्यासमोर हो म्हणालेत ते!"

"तुझ्यासमोर," वैद्याचार्य म्हणाले. "त्याची लेक तापाने फणफणली होती, तेव्हा तिला मी बरं केलं. तेव्हापासून तो मला देव मानतो, आणि तू माझा शिष्य. देवाला नाही कसं म्हणायचं, सुमेध? उद्या मी भलतंच काही लावलं, तरी तो मुकाट हात पुढे करील. आपला हेतू वाईट आहे म्हणून हा पहारा नाही. लोक आपल्यावर फार विश्वास टाकतात, म्हणून आहे. मला मानणारे जितके वाढले, तितका माझ्यावरचा पहारा कडक हवा. म्हणून मला मुळीच न मानणारा माणूस मी शोधला. त्याच्यापुढे सटवोजीला नाही म्हणता आलं."

सुमेध पारावर टेकला. त्याला मनापासून शरम वाटली. इतक्यात सटवोजी खाली मान घालून बाहेर आला.

"रागावलात का, धाकटे वैद्य? घर या हातांवर आहे हो. भीती वाटली. तुमच्यापुढे जीभच रेटेना."

"नाही रागावलो, काका. आम्ही देतो ते तुमचं नेहमीचं तेल आहे तसंच चालू राहील. त्यात खंड पडायचा नाही."

सटवोजीने सुटकेचा श्वास टाकला. मग जरा घुटमळला आणि पहिल्यांदाच सुमेधच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "मग आता खरं सांगा. त्यात घातलंय काय? झोंबतं का? आणि बोटं बधिर झाली तर?"

सुमेधने एकेक वनस्पती सांगितली, झोंबतं किती तेही सांगितलं. शेवटच्या प्रश्नाशी मात्र तो अडला. "ते मला माहीत नाही, काका."

"हे बरं सांगितलंत!" सटवोजी हसला. त्याने आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. "असं करा. आधी डाव्या करंगळीला लावा. मी पुसा म्हटलं, की पुसायचं. उजव्या हाताला मी सांगेपर्यंत शिवायचं नाही. बोला, कबूल?"

सुमेधच्या छातीत पुन्हा तोच आनंद उसळला. खल आतच होता, चार पावलांवर. पण तो जागचा हलला नाही.

"कबूल," तो म्हणाला. "पण हे मला नका सांगू, काका. आत जाऊन सभेला सांगा. मी इथेच बसतो."